बदामाची पानं आणि माझी फुंक

मित्रांनो, मी एक जुना, थोडा घसा बसलेला, पण फुंक अजून दमदार असलेला ब्लोअर आहे. ब्लोअर म्हणजे काय हे माहीत नसेल तर लाजू नका. रायपूरच्या चौबे कॉलनीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. कुणी मला डास मारणारी धुराची मशीन समजलं, कुणी लग्नात फुलं उडवायची तोफ. खरं तर माझं काम साधं आहे. झाडाखाली पडलेला पाला मी वाऱ्याच्या जोरावर ढकलत ढकलत एका कोपऱ्यात गोळा करतो. पण एवढ्याशा कामाने एक झाड वाचलं, आणि तीच गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे. माझं तोंड हातभर लांब आहे, तेव्हा गोष्टही जरा लांबेल.

एक यंत्र असून मी इतकं नीट मराठी कसं बोलतो, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याचं श्रेय रमाबाईंना. ज्या पडवीत मी खुंटीला टांगलेला असतो, तिच्यासमोर देशी बदामाचं एक मोठं झाड आहे. त्या झाडाखाली रमाबाई दर रविवारी सकाळी कॉलनीतल्या मुलांना मराठी शिकवतात. ही मुलं विदर्भातून इकडे स्थायिक झालेल्या घरांतली. मराठी त्यांना सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. मुलं किती शिकली ते रमाबाईच जाणोत, मी मात्र टांगल्या टांगल्या बराच शिकलो.

माझा जन्म इथून फार दूर, एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात छोटं पेट्रोलचं इंजिन, त्याला जोडलेला पंखा, वरून केशरी प्लास्टिकचा अंगरखा आणि पुढे लांब नळी. कारखान्यातल्या एका बाईंनी माझी दोरी पहिल्यांदा ओढली तेव्हा मी असा जोरात शिंकलो, की त्यांच्या टेबलावरचे कागद छतापर्यंत गेले. त्या रागावल्या नाहीत. हसत हसत त्यांनी माझ्या पाठीवर तपासणीचा शिक्का मारला. आयुष्यातली ती माझी पहिली परीक्षा, आणि मी ती वर्गात गोंधळ घालून पास झालो.

तिथून ट्रकने मी रायपूरला आलो. पंडरीच्या कापडबाजारापासून थोड्या अंतरावर साक्षीताईंचं बागेच्या अवजारांचं दुकान होतं. तिथल्या वरच्या फळीवर माझी स्थापना झाली, आणि नंतर मला सगळे विसरले. ज्याचा धंदाच धूळ उडवायचा, त्याच्याच अंगावर बोटभर धूळ बसली! माझ्या शेजारी होती चेनसॉ, म्हणजे साखळीची आरी. तिचे दात लखलखायचे. दुकानात येणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून "वाह!" म्हणायचा आणि माझ्याकडे पाहून "ये क्या है?" म्हणायचा. मला तिचा हेवा वाटे, हे मी लपवणार नाही. आरीसुद्धा स्वभावाने जरा तोऱ्यातच होती.

फाल्गुनातल्या एका दुपारी दुकानात अनंतराव आले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, हात पाठीमागे कमरेवर. सोबत बँकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी कौमुदी होती.

"आरी मशीन दाखवा," अनंतराव म्हणाले. "अंगणातलं झाड काढाचं आहे."

साक्षीताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. मराठी कानावर पडताच त्यांनी हिंदी बाजूला ठेवली. "केवढं झाड आहे, काका? अन् चालवणार कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

"मंग आधी उचलून पाहा बरं."

अनंतरावांनी आरी उचलली, आणि अर्ध्यावरच "ओय ओय" करत कंबर धरली. कौमुदीने आरी झटकन त्यांच्या हातातून घेतली. "बाबा, डॉक्टर ने क्या बोला था? झुकना नहीं, वज़न उठाना नहीं."

साक्षीताईंनी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "काका, घरी आरी घ्याची ते वाळल्या फांद्या कापाले अन् पडलेल्या लाकडाचे तुकडे कराले. त्याले बारा-चौदा इंचाची पट्टी पुरते. आपल्या हाताले पेलली पायजे, अन् पुढचा ब्रेक लागते का ते दुकानातच पाहून घ्या लागते. उभं झाड पाडणं घरच्या माणसाचं काम नाही. पण मले सांगा, इतकं मोठं झाड काहून तोडून राहिले?"

"पानं!" अनंतराव म्हणाले, आणि एकदा सुरू झाले ते थांबेचनात. बदामाची पानं हाताच्या पंजाहून मोठी. वर्षातून दोनदा सगळं झाड लाल होऊन खाली येतं. इतकी वर्षं ते रोज सकाळी खराट्याने अंगण झाडत आले. आता मणक्याची गादी सरकली, वाकणं बंद झालं. रमाबाईंच्या गुडघ्यांची कथा निराळीच होती. त्यातून शेजारचे श्यामराव. मागच्या पावसाळ्यात या झाडाच्या पानांनी त्यांच्या गच्चीवरची पाणी जायची जाळी तुंबली, छतातून पाणी झिरपलं आणि नेमकं त्यांच्या पेटीवर पडलं. श्यामराव रोज सकाळी पेटी वाजवून भजन म्हणतात. ती पेटी भिजल्यापासून त्यांचा सूर आणि मिजाज दोन्ही बिघडले होते.

सगळं ऐकून साक्षीताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाले झाडाचा त्रास नाही, पानाचा आहे. मंग पानाचंच अवजार न्या नं!"

असं म्हणून त्यांनी मला फळीवरून खाली काढलं! फडक्याने पुसलं, टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल घातलं, दुकानाबाहेर नेऊन दोरी ओढली. इतक्या दिवसांचा दम मी एकदम सोडला. रस्त्यावरचा कचरा तर गेलाच, पण समोरच्या गुपचुपवाल्याचे, म्हणजे पाणीपुरीवाल्याचे, द्रोणही चौकापर्यंत उडाले. साक्षीताई त्याची माफी मागायला धावल्या आणि अनंतराव पोट धरून हसायला लागले. कित्येक दिवसांनी बाबा असे हसले, असं कौमुदी नंतर घरी सांगत होती.

तिने शंकाही काढली होती. "ये तो बहुत आवाज़ करता है." साक्षीताईंनी ते मान्य केलं. वायरचा ब्लोअर हलका असतो आणि आवाजही कमी करतो, पण वायर गच्चीपर्यंत पुरत नाही आणि ओल्या जागी विजेशी खेळ नको. बॅटरीवरचा त्या वेळी दुकानात होता तो लहान होता, बदामाच्या पानांपुढे त्याचं काही चाललं नसतं. राहता राहिलो मी. मला खांद्याला लावायचा पट्टा होता, त्यामुळे वाकायचं काम नव्हतं. "हव," अनंतराव म्हणाले, "हाच देऊन द्या." निघताना मी आरीकडे पाहिलं. ती जागच्या जागीच राहिली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं तिला वाटलं असावं.

घरी रमाबाई दारातच उभ्या होत्या. झाड काढायचं ठरल्यापासून त्यांनी अनंतरावांशी बोलणं टाकलं होतं. त्याचं कारण तुम्हाला सांगितलं पाहिजे. हे झाड कुणी हौसेने लावलेलं नव्हतं. एका वटवाघळाने टाकलेल्या बदामातून ते उगवलं, आणि रमाबाईंनी तांदूळ धुतलेलं पाणी घालून ते जगवलं. पुढे त्याच्या सावलीत त्यांचा रविवारचा वर्ग सुरू झाला. पडवी लहान, घरात जागा नाही. झाड गेलं असतं तर वर्गही गेला असता. वर्गातल्या रुचिताने तर एकदा विचारलंच होतं, "आजी, पेड़ कट गया तो हम कहाँ बैठेंगे?" "मराठीत विचार," रमाबाई म्हणाल्या होत्या. रुचिता थोडा विचार करून म्हणाली, "झाड गेलं तर आम्ही कुठे बसू?" इतकं अचूक वाक्य ऐकूनही रमाबाईंना शाबासकी देता आली नव्हती.

त्या दिवशी माझी लांब नळी पाहून त्यांनी विचारलं, "झाड तोडाची मशीन अशी असते काय?"

"हे तोडत नाही, रमा. हे फुंकते."

रमाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि आत जाऊन सगळ्यांसाठी गुळाचे खडे घेऊन आल्या. मला हळदकुंकू लागलं. फळीवरच्या धुळीतून थेट देवासारखी पूजा! मी आतल्या आत फुलून गेलो.

पण श्यामरावांना मी पटलो नाही. ते कलेक्टर ऑफिसातून निवृत्त झालेले, घरी एकटेच, मुलगा हैदराबादला. दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीपलीकडून त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "वहिनी, फुंकून पानं जातीन काय? हे का वाढदिवसाची मेणबत्ती आहे? ऐका माह्यं. येत्या पावसाळ्यात गच्चीची जाळी एकदा जरी तुंबली, तर झाड काढाचं. बोला."

अनंतराव काही बोलणार तोच रमाबाई म्हणाल्या, "शब्द देते, भाऊजी. गच्ची साफ ठेवाचं काम आमचं. नाही जमलं तर झाड काढजा."

श्यामराव शब्दावर विसंबून राहणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते पंडरीला गेले आणि तीच आरी घेऊन आले! भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, तेव्हा मी तो ओळखला. दुकानात शेजारी होती, आता इथेही शेजारी. फरक इतकाच, की आता ती माझ्या झाडावर दात लावून बसली होती.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सोन्यासारखे गेले. आमची कामाची पद्धत ऐका. माझी दोरी ओढायला जोर लागतो, आणि अनंतरावांना झटका चालत नाही. म्हणून दोरी ओढायच्या रमाबाई. मला ओट्यावर ठेवून, एका हाताने दाबून धरून त्या अशी दोरी ओढत, की मी पहिल्या नाही तर दुसऱ्या झटक्याला बोलायला लागे. विहिरीचं पाणी ओढलेला हात तो. मग त्या मला अनंतरावांच्या खांद्याला अडकवत, आणि अनंतराव ताठ मानेने अंगणभर फिरत. डोळ्यांना चष्मा, कानात कापसाचे बोळे. रमाबाई पुढे चालत बोटाने दाखवायच्या, "तिकडे एक राहिलं, इकडे एक राहिलं." अनंतरावांना काही ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांचं भांडणही व्हायचं नाही. अंगण झालं की श्यामरावांची परवानगी घेऊन गच्ची. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी लोक डुलकी काढतात त्या वेळी मी तोंड उघडायचं नाही, हा नियम रमाबाईंनी घालून दिला होता.

अनंतरावांनी माझी निगाही रेल्वेच्या शिस्तीने ठेवली. माझ्यासारख्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ठरलेल्या मापाने तेल मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल दिलं तर पोट कोरडं पडून मी जागीच गारद होईन. ते खुणेच्या बाटलीत तेल मोजत, हलवत, आणि मगच मला पाजत. मला श्वास घ्यायला स्पंजची एक गाळणी आहे. तिच्यात धूळ भरली की माझा जीव घाबरा होतो, म्हणून ती काढून साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवायची. पाण्याने धुवायची माझी वस्तू तेवढी एकच. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

आषाढाची अमावास्या आली. मराठी घरात ही दिव्याची अवस. पण इकडे छत्तीसगडात त्याच दिवशी हरेली असते. नांगर, कुदळ, विळे, सगळी अवजारं धुऊन त्यांची पूजा करतात, दारावर कडुनिंबाची डहाळी लावतात, गुळाचा चीला, म्हणजे गोड धिरडं, करतात, आणि मुलं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून गल्लीभर उंच उंच फिरतात. रमाबाई इथे इतकी वर्षं राहिल्या, की त्यांच्या घरी दोन्ही सण एकाच चुलीवर होतात. समया आणि निरांजनं चिंचेने घासायची, आणि त्याच हाताने खुरपं, कुदळ, विळाही घासायचा. कणकेचे गोड दिवे उकडायचे आणि शेजारच्या तव्यावर चीले टाकायचे. मला दोन्ही वास फार आवडतात.

त्या दिवशी अनंतराव कंबर दाखवायला समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले होते. रमाबाईंनी सगळी अवजारं धुतली आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "झाडाले वाचवणारा तूच, अन् तूच असा मळका राहून गेला!"

मला खुंटीवरून काढून त्यांनी थेट नळाखाली धरलं. वरून पाणी, खालून पाणी, नळीतून पाणी, जाळीतून पाणी. साबण लावला, नारळाच्या शेंडीने घासलं, परत पाणी. मी ओरडलो असतो, पण दोरी ओढल्याशिवाय मला आवाज फुटत नाही. मग पुसून त्यांनी मला पाटावर समयांच्या रांगेत बसवलं, हळदकुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. त्यातला एक दाणा बरोबर माझ्या श्वासाच्या भोकात जाऊन बसला. पुढ्यात चीला आणि कणकेचा दिवा ठेवला होता, आणि माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं. इतक्या प्रेमाने कुणी कुणाला बुडवलं नसेल!

अनंतराव परतले आणि म्हणाले, "वा! किती चकचकीत केलं तुनं." रमाबाईंनी मला नुसतं पुसलं असं त्यांना वाटलं, त्यामुळे दोघांपैकी कुणालाही काही शंका आली नाही.

संध्याकाळपासून वादळी पाऊस सुरू झाला तो उजाडेपर्यंत. सकाळी ऊन पडलं तेव्हा बदामाखाली लाल-हिरव्या पानांचा गालिचा होता, आणि श्यामरावांची गच्ची दिसतच नव्हती, नुसती पानं दिसत होती. त्यात तो रविवार. मुलं वह्या घेऊन येऊ लागली.

रमाबाईंनी मला ओट्यावर ठेवून दोरी ओढली. मी गप्प. पुन्हा ओढली. मी एक गुळणी टाकली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा माझ्या नळीतून कुंकवाचं लाल पाणी बाहेर आलं आणि वर्गातलं एक पोर ओरडलं, "आजी, इसको खून निकल रहा है!"

तेवढ्यात भिंतीपलीकडचं दार वाजलं. श्यामराव लुंगी खोचून, चप्पल फटफटवत आमच्या अंगणात आले. त्यांच्या हातात आरी होती.

"वहिनी, जाळी तुंबली," ते म्हणाले. "गच्चीवर घोट्याएवढं पाणी आहे. मी पेटी उचलून पलंगावर ठेवली. आता शब्द म्हणजे शब्द. आज फांद्या काढतो, बाकीचं नगर निगमाची परवानगी घेऊन पाहू."

अनंतराव बायकोकडे पाहू लागले. रमाबाईंनी हात पदराला पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. "बरोबर आहे, भाऊजी. जाळी तुंबली. मी शब्द देल्ता." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "चला पोट्ट्यांनो, पडवीत या. झाडाखाली कोणी थांबायचं नाही."

मित्रांनो, मी तिथेच ओट्यावर पडून होतो आणि काही करू शकत नव्हतो.

श्यामरावांनी आरी जमिनीवर ठेवली, एक पाय तिच्या मुठीत रोवला आणि दोरी ओढली. आरी गप्प. पुन्हा ओढली. गप्प. दहा-बारा झटके झाले, श्यामराव घामाघूम झाले, आणि आरीने हळूच एक गुळणी टाकली. पाणी! लाल पाणी!

रमाबाईंनी निरखून पाहिलं. आरीच्या मुठीवर हळदीकुंकवाची बोटं होती आणि साखळीच्या दातांत कडुनिंबाचं पान अडकलेलं होतं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही बी धुतली काय?"

श्यामराव ओशाळले. "मंग? हरेलीले अवजार धूत नाही काय कोणी? नळाखाली चांगली घासून घासून धुतली."

आधी अनंतराव हसले, मग रमाबाई. मुलं तर पडवीत लोळायलाच लागली. श्यामरावांनी मिनिटभर राग धरून पाहिला, पण तो काही टिकला नाही. तेही हसत हसत ओट्यावर बसले, माझ्या शेजारीच.

अनंतरावांनी साक्षीताईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आधी "अरे देवा!" आलं, मग हसू, मग सूचना. "आता दोरी ओढत बसू नका. टाकीतलं पेट्रोल काढा, पाणी मिसळलं असन. प्लग खोला, पुसा. प्लग काढूनच दोरी हळूहळू ओढा, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर येते. गाळणी काढून पिळा, पंख्याखाली वाळवा. अन् तव्यावर शेकू बिकू नका! पेट्रोल लागलेली वस्तू जाळाजवळ न्याची नाही." रमाबाई नेमक्या माझी गाळणी घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. त्या तिथूनच परत फिरल्या.

"आरीचं बी असंच करा," साक्षीताई पुढे म्हणाल्या. "साखळी पुसून तिले तेल द्या, नाहीतर गंजून जाईन. श्यामराव काका, पायात काय आहे तुमच्या?"

"चप्पल."

"अन् अंगात?"

"लुंगी, बनियान."

"मंग आरी सुरू झाली तरी हात लावू नका. बूट पायजे, चष्मा पायजे, फुलपँट पायजे, अन् शिडीवर चढून तर कधीच नाही. आज आरी बंद."

श्यामराव मान खाली घालून सगळं ऐकत होते. मग लुंगी आणखी वर खोचून गच्चीवर गेले आणि जाळीत हात घालून पानांचा बोळा उपसला. गुळगुळ करत पाणी खाली उतरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. इकडे पडवीत टेबलफॅन लावून मी आणि आरी शेजारी शेजारी उघड्या पोटाने पडलो होतो. माझ्या भोकातला तांदळाचा दाणा कौमुदीने चिमट्याने काढला. रमाबाईंनी कालचे चीले तव्यावर गरम करून सगळ्यांना दिले, श्यामरावांनाही. मुलांनी त्या दिवशी वहीत अवजारांची नावं लिहिली.

दुपार कलली. गच्चीवरची पानं उन्हाने सुकून कुरकुरीत झाली होती. अनंतरावांनी माझ्यात ताजं पेट्रोल-तेल घातलं, प्लग बसवला, आणि रमाबाईंनी दोरी ओढली. मी खोकलो, शिंकलो, आणि बोललो! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अनंतराव पट्ट्यात खांदा घालणार, इतक्यात श्यामराव म्हणाले, "थांबा. गच्ची माही आहे. मी पाहतो."

त्यांनी मला खांद्याला लावलं आणि जिना चढले. सुरुवातीला ते मला भिंतीकडे तोंड करून धरत होते, त्यामुळे पानं उडून त्यांच्याच तोंडावर येत. मग त्यांना युक्ती कळली. नळी खाली, वाऱ्याच्या दिशेने, एका कडेने सुरुवात. पानांची रांग पुढे पुढे पळू लागली आणि श्यामराव तिच्यामागे. एक कोपरा झाला, दुसरा झाला. गच्ची लख्ख झाली तरी ते खाली येईनात. एक एक चुकार पान शोधून त्याला पळवत होते, आणि माझ्या आवाजावर आवाज चढवून चक्क भजन म्हणत होते. आपलं गाणं कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटत असावं, पण खाली अंगणात सगळे मान वर करून उभे होते.

शेवटी ते उतरले. घामाने भिजलेले, डोक्यात एक लाल पान अडकलेलं. मला जपून ओट्यावर ठेवलं. रमाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, झाडाचं काय ते सांगून टाका. मी मागे हटणार नाही."

श्यामरावांनी वर झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाकरले. "वहिनी, मी म्हणत होतो... उद्या बी पानं पडतीन नं?"

"पडतीन नं. रोज पडतीन."

"मंग राहू द्या. सकाळी आठ वाजता येतो मी. दोरी तुम्ही ओढून ठेवजा."

रमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि डोळ्यांतलं अडवून ठेवलेलं पाणी त्यांच्या गालावर आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. श्यामराव अजून रोज सकाळी येतात. पानगळीच्या दिवसांत खूश असतात. चैत्रात झाडाला कोवळी पालवी फुटली आणि अंगणात काहीच पडेनासं झालं, की त्यांना करमत नाही. मग ते गल्लीतल्या इतरांची अंगणं विचारत फिरतात. आरीसुद्धा आता आमच्याच पडवीत राहते. तिचा तोरा गेला, आमची दोस्ती झाली. वर्षातून एकदा, गच्चीवर झुकणारी आणि वाळलेली एखादी फांदी काढायला ती बाहेर पडते. आधी अनंतराव तिची साखळी ताणून पाहतात, गोल कानशीने तिच्या दातांना धार लावतात, तेल भरतात. मग श्यामराव बूट, फुलपँट आणि चष्मा चढवून, जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच कापतात. वरची फांदी असली तर निगमाच्या माणसांना बोलावतात. तेवढ्या छाटणीने झाडालाही बरं वाटतं, असं मला त्याची पालवी पाहून वाटतं.

मी मात्र आता म्हातारा झालो. कौमुदीने मागे बॅटरीवर चालणारा एक नवा ब्लोअर आणला. तो चांगला मुलगा आहे, आवाज करत नाही, दोरी मागत नाही. मोठी पानगळ आली की मात्र मला अजून खाली उतरवतात. हरेलीला माझी पूजा आजही होते. कोरड्या फडक्याने पुसतात, कुंकवाचं एकच बोट लावतात, आणि अक्षता लांबूनच टाकतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं अवजार असेल तर त्याला जपा. त्याला काय हवं आणि काय नको ते आधी विचारून घ्या. पुष्कळ दिवस वापरायचं नसेल तर त्याच्या पोटात पेट्रोल तसंच ठेवू नका, त्याची गाळणी स्वच्छ ठेवा, माणसांच्या अंगावर त्याचा वारा सोडू नका, आणि त्याला काम द्या. कोपऱ्यात पडून राहण्याइतकं दुःख आम्हाला कशाचंच नसतं. आणि तुमच्या शेजारी कुणी पानांवरून चिडत असेल, तर त्याच्याशी भांडत बसू नका. एकदा त्याच्या हातात ब्लोअर देऊन पाहा. झाड वाचेल.